लॉन पिवळं पडलं? युरियाच्या आधी खुरपं काढा

ऑगस्ट उजाडला की ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. हिरव्या लॉनवर पिवळे चट्टे, आणि खाली कोणाचा तरी सवाल, "माळी नेमकं करतो काय?" माळी बिचारा विचारतो, "साहेब, युरिया मारू का?" साहेब म्हणतात, मार. कधी आठ दिवसांत लॉन हिरवंगार होतं, तर कधी चट्टे दुप्पट होतात. युरिया दोन्ही वेळा तोच असतो.

याचं कारण साधं आहे. गवताला काहीही झालं तरी ते पिवळंच पडतं. पाणी कमी पडलं तरी पिवळं, मुळाशी साचलं तरी पिवळं. नत्र (नायट्रोजन) संपलं तरी आणि खत जास्त पडलं तरी. मुळं अळीने कुरतडली तरी, आणि मुळाखाली बिल्डरने सोडून दिलेलं डेब्रिज असलं तरी. त्यामुळे नुसत्या रंगावरून निदान होत नाही. ते होतं चट्ट्याच्या आकारावरून, तो कोणत्या महिन्यात दिसायला लागला यावरून, आणि उकरल्यावर मुळं कशी दिसतात यावरून. आपल्याकडे माणसं फोटो काढतात, झूम करून पाहतात, नर्सरीवाल्याला पाठवतात, पण उकरून कोणी बघत नाही. माझा अनुभव असा की आपल्या भागातल्या लॉनचं दुखणं बहुतेक वेळा जमिनीच्या वर नसून खाली असतं.

गवत कोणतं आहे ते आधी ओळखा, कारण प्रत्येकाच्या सवयी वेगळ्या. बारीक पातीचं, मऊ, उशीसारखं फुगणारं ते मेक्सिकन. बंगल्यांत आणि रो-हाउसच्या अंगणात बहुधा हेच असतं. दूर्वांची जात म्हणजे हरळी. तिला कडक ऊन लागतं, पण ती तुडवणं सोसते. रुंद, जाड पातीचं, सावलीत लावायला देतात ते गवत आपल्याकडे बफेलो किंवा शेड ग्रास म्हणून विकलं जातं. ते सावली बऱ्यापैकी सहन करतं, खारं पाणी अजिबात नाही. मेक्सिकन आणि हरळी त्या मानाने खारटपणा बराच पेलतात.

आता चट्ट्याची कड बघा. निसर्गाला सरळ रेषा फारशा जमत नाहीत. चट्टा सरळ पट्ट्यात किंवा चौकोनात असेल तर त्यामागे माणसाचा हात असतो: खताची पसरलेली ओळ, फरशीखाली गेलेला काँक्रीटचा पाया, जमिनीत पुरलेला पाइप, किंवा पेव्हर ब्लॉकच्या फटींतलं तण मारायला फवारलेलं आणि वाऱ्याने लॉनवर उडालेलं तणनाशक. तणनाशकाचा परिणाम लगेच दिसत नाही. आठवडाभराने दिसतो, आणि तोवर कोणी फवारलं होतं हे कमिटी विसरलेली असते. पश्चिमेकडच्या काचेच्या दर्शनी भागावरून परावर्तित झालेलं ऊनही असा भाजलेला पट्टा पाडतं. तो पट्टा रोज त्याच वेळी चमकतो, त्यामुळे संध्याकाळी चारच्या सुमाराला लॉनवर जाऊन उभं राहिलं की गुन्हेगार सापडतो.

लहान, गोल, ताटलीएवढा चट्टा, मध्ये गवत पूर्ण मेलेलं आणि कडेने गर्द हिरवी, जोमाने वाढलेली कड असेल तर ते कुत्र्याचं काम. मूत्रातलं नत्र मध्यभागी इतकं होतं की गवत जळतं, आणि कडेला विरळ झालेलं तेच नत्र खताचं काम करतं. उपायही तिथल्या तिथेच: कुत्र्याने तिथे केलं की लगेच बादलीभर पाणी ओतायचं. त्यावरून शेजाऱ्यांशी भांडण किती करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आकारावरून उलगडा झाला नाही तर खुरपं घ्या. चट्ट्याच्या अगदी मध्ये नाही, तर जिथे पिवळं आणि हिरवं भेटतं त्या कडेवर, वीतभर लांब-रुंद तुकडा चार बोटं खोल कापून उचला. मध्यभागी सगळं मेलेलं असतं, तिथे पुरावा राहत नाही. कडेवर प्रकार चालू असतो. मुळं पांढरी, घट्ट आणि खोल गेलेली असतील तर जमीन ठीक आहे आणि दोष खत, कापणी किंवा ऊन यांचा. मुळं तपकिरी, मऊ, ओढली की साल हातात येणारी आणि मातीला कुजक्या अंड्यासारखा वास, म्हणजे पाणी साचलंय. मुळं वरवरच, बोटभर खोलीवर थांबून आडवी पसरलेली, म्हणजे खाली काहीतरी कठीण आहे. आणि गवताचा तुकडा न कापताच, नुसता ओढल्यावर मुळांशिवाय सुटून हातात आला, तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, शोधा.

त्या कठीण थराकडे येऊ. एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या आणि ओल्या लॉनमध्ये दाबत जा, आधी हिरव्या जागी, मग पिवळ्या जागी. चांगल्या मातीत तो मुठीपर्यंत सहज जातो. पिवळ्या चट्ट्यात दोन इंचांवर 'कट्ट' आवाज करून थांबला, तर तिथे प्लास्टरचे ढेपळे, विटांचे तुकडे किंवा घट्ट झालेलं सिमेंट आहे. ठाण्यात घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना आणि खारघर-तळोज्याकडे ज्या वेगाने बांधकामं झाली, त्यात ताबा द्यायच्या आठवड्यात डेब्रिजवर सहा इंच लाल माती पसरून त्यावर गवताचे गालिचे अंथरण्याचा प्रकार सर्रास होतो. पहिलं वर्ष दिसायला छान जातं. अशा जागेची खूण म्हणजे तो चट्टा पावसाळ्यात चिखलाचा होतो आणि एप्रिलमध्ये सगळ्यात आधी वाळतो, आणि दोन्ही ऋतूंत जागा तीच राहते. एकदा हे लक्षात आलं की खत-पाण्यावर पैसे घालवू नका. तेवढी जागा फूटभर खोदून कचरा काढायचा आणि लाल माती व कुजलेलं शेणखत भरायचं, दुसरा इलाज नाही. मातीत चिकणमाती जास्त असेल तर थोडीशी वाळू मिसळण्याचा मोह टाळा. थोड्या वाळूने ती भुसभुशीत होण्याऐवजी अधिक घट्ट बसते.

डेब्रिजचा दुसरा उपद्रव रासायनिक असतो. चुना आणि सिमेंट माती अल्कधर्मी करतात, आणि अशा मातीत लोह असूनही गवताला ते घेता येत नाही. मग कोवळी, वरची पाती पिवळी पडतात. जवळून पाहिलं तर पातीवरच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी अशा बारीक उभ्या रेघा दिसतात. हे नत्राच्या कमतरतेहून नेमकं उलट असतं. नत्र कमी पडलं तर गवत जुन्या पातीतलं नत्र काढून नव्या पातीला देतं, म्हणून खालची, जुनी पाती आधी आणि एकसारखी पिवळी होतात. घरच्या घरी तपासायचं तर कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फेस आला तर मातीत चुना आहे. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) वापरतात: लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, सकाळी लवकर, पातीवर फवारून. फरशीवर मात्र उडू देऊ नका, तांबूस डाग पडतो आणि तो निघत नाही.

पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, लॉनची गोष्ट वेगळी. तिथे माती म्हणजे परातीत भरलेली माती. खाली स्लॅब, वर वॉटरप्रूफिंग, त्यावर निचऱ्याचा थर आणि जेमतेम फूटभर माती. ठाण्यात पावसाळ्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा. पाणी आउटलेटच्या जाळीतून निघून गेलं नाही तर मुळांना हवाच मिळत नाही, ती गुदमरतात आणि कुजतात. गंमत अशी की मुळं कुजलेलं गवत दुपारी तहानल्यासारखं दिसतं, पाती सुरळी होऊन निळसर-करडी पडतात, आणि ते पाहून कोणीतरी आणखी पाणी घालतं. पोडियमवर चट्टे दिसले की पहिलं काम म्हणजे सगळ्या आउटलेटच्या जाळ्या उघडून बघणं. मातीचा गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कधी मुलांचा चेंडू सापडतो. एसीचं टपकणारं पाणीही लक्षात घ्या. ते पाणी शुद्धच असतं, वाईट नसतं, पण एकाच जागी महिनोन्महिने ठिबकत राहिलं की तिथे दलदल होते आणि शेवाळ धरतं.

नवी मुंबईत याच्या जोडीला खार येतो. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि त्यानंतर हे शहर उभं राहिलं, त्यातला बराच भाग खाडीकाठची खाजणं आणि मिठागरं भरून. वरचा मुरूम गोडा असला तरी खालून ओलाव्याबरोबर मीठ वर चढतं, विशेषतः उन्हाळ्यात. खाडीजवळच्या बोअरवेलचं पाणी मचूळ असतं, ते लागतं ते वेगळंच. मिठाचा चट्टा ओळखायचा तर पातीची टोकं आधी जळतात, माती सुकली की वर पांढरट पापुद्रा येतो, आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे महिना. मार्चपासून वाढणारा आणि जुलैत काहीही न करता हिरवा होणारा चट्टा खाराचा असतो, कारण पावसाने मीठ धुऊन खाली नेलेलं असतं. ऑगस्टनंतर सुरू होणारे चट्टे बहुधा खाराचे नसतात.

पाणी तपासायला वॉटर प्युरिफायरवाल्याकडचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर पुरतो. सिंचनाच्या पाण्याला लिटरमागे ४५० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस असेल तर काळजी नाही, ४५० ते २००० मध्ये जपून, आणि २००० च्या वर ते पाणी गवताला घालूच नये. इथे एक गैरसमज आहे. "आरओचं वाया जाणारं पाणी लॉनला घालू नका, मीठ असतं" असं सरसकट सांगितलं जातं. महापालिकेचं धरणाचं पाणी मुळात इतकं गोड असतं की आरओने बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार दीडपट-दुप्पट झाले तरी लॉनला चालतं. पण सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर तेच आरओचं पाणी लॉन मारतं. सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून येणारं पाणी आणि पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून आलेलं पाणी, दोन्हींत सोडियम जास्त असू शकतं. ते टीडीएस मीटरला वेगळं कळत नाही, म्हणून हे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. खार धुवायला पाणी गोडं हवं आणि निचरा हवा. निचरा नसलेल्या जमिनीत कितीही पाणी घाला, मीठ तिथेच राहतं. निचरा असेल तर वीतभर मातीतला बराचसा खार धुवायला दर चौरस मीटरला साधारण दोनशे लिटर पाणी लागतं. पाणीकपातीच्या दिवसांत हा हिशेब कमिटीपुढे मांडायची हिंमत कोणी करत नाही, त्यापेक्षा पाऊस येईपर्यंत थांबलेलं बरं. खाऱ्या जमिनीचं शास्त्र आपल्या शेजारीच आहे. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, खारपड जमिनीत तगणाऱ्या 'पनवेल १', 'पनवेल २' या भातजाती तिथल्याच.

आता पावसाळ्यातला तो सर्वसाधारण फिकेपणा, ज्यावर युरिया खरोखर चालतो. संततधारेत मातीतलं नत्र पाण्याबरोबर वाहून जातं. सगळं लॉन एकसारखं फिकट होतं, त्यात ठळक चट्टे नसतात. युरियात ४६ टक्के नत्र असतं, आणि चौरस मीटरला १० ग्रॅम हे एका वेळचं भरपूर प्रमाण. म्हणजे २०० चौरस फुटांच्या लॉनला पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम. त्याचेही दोन भाग करून दोन आठवड्यांच्या अंतराने द्या, पावसाची उघडीप बघून, पाती कोरडी असताना, आणि लगेच पाणी मारा. मूठ भरून फेकलेला युरिया ओल्या पातीवर चिकटला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपक्याठिपक्यांत जळतो. मुसळधार पावसात टाकलेला युरिया थेट गटारात जातो आणि खाडीत उतरतो.

पाऊस ओसरता ओसरता, ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत पसरत जाणारे, वेडेवाकडे चट्टे आणि त्यावर सकाळी सकाळी साळुंक्या नि कावळे उकरताना दिसले तर हुमणीचा संशय धरा. पहिल्या वळवानंतर या किड्याचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, आणि मग मातीत अंडी घालतात. त्यातून निघालेल्या पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या अळ्या मुळं खातात. फूटभर लांब-रुंद जागा तीन इंच खोदून मोजा. एक-दोन अळ्या असणं स्वाभाविक आहे, त्याने काही बिघडत नाही. पाच-सहाच्या वर गेल्या तर उपाय करा. मेटारायझियम ही अळीला रोगट करून मारणारी बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. ती ओल्या मातीत, संध्याकाळी, उन्हाची झळ नसताना द्यायची असते. कच्चं शेणखत हुमणीला आमंत्रण ठरतं, त्यामुळे ट्रकवाल्याने आणलेलं खत हातात घेऊन बघा. शेणाचा वास येत असेल तर ते परत पाठवा.

वरची पाती कुरतडलेली दिसत असतील तर तो वेगळा प्रकार, लष्करी अळीचा. चार लिटर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचा द्रव साबण मिसळून चौरस मीटरभर जागेवर ओता. अळ्या असतील तर पाच-दहा मिनिटांत वर येतात. हुमणी मात्र या साबणाने वर येत नाही.

बुरशीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिचं नाव लोक गरजेपेक्षा जास्त घेतात. खरी बुरशी पहाटे दव असताना दिसते: पातीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, आणि मोठ्या गोल चट्ट्याच्या कडेला काळपट धुरकट कडा. ऊन चढलं की धागे नाहीसे होतात, म्हणून दुपारी अकराला आलेल्या तज्ज्ञाला ते दिसत नाहीत. संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी द्यायला लागलं आणि पावसाच्या काळात नत्र कमी केलं की बहुतेक चट्टे उघडीप पडल्यावर आपोआप आवरतात. पातीवर करडी पूड दिसली आणि पाण्याच्या धारेने ती निघून गेली तर काहीच करायचं नाही, ती गवताचं काही बिघडवत नाही.

उन्हाचा हिशेब मात्र करून बघण्यासारखा आहे. ठाणे १९ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४७ अंश वर असतो, आणि वीस मजली, म्हणजे साठेक मीटर उंच टॉवरची सावली उत्तरेला पन्नास मीटरच्या पुढे जाते. जूनमध्ये तोच सूर्य दुपारी डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो आणि तेवढ्याच जागी भरपूर ऊन पडतं. त्यामुळे टॉवरच्या उत्तरेचं लॉन पावसाआधी चांगलं असतं आणि थंडीत विरळ, फिकट, मातीशी शेवाळ धरलेलं होतं. हरळीला किमान सहा तास ऊन लागतं. तिथे हरळीवर खत घालणं निरुपयोगी. रुंद पातीचं गवत लावा, आणि चार तासही ऊन नसेल तर गवताचा नाद सोडून नेचे किंवा सावलीतली झुडपं लावा.

मेक्सिकनवाल्यांसाठी एक राहिलं. हे गवत वर्षानुवर्षं न कापता वाढलं की उंचवटे होतात, आणि त्यांच्या आत मेलेल्या काड्यांचा जाड, स्पंजासारखा थर बसतो. मग दिवाळीआधी कोणी तरी मशीन खाली उतरवून ते सपाट करतं, आणि आतल्या तपकिरी काड्या उघड्या पडतात. त्यात रोग काहीच नसतो. एका वेळी पातीच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका, आणि ब्लेड धारदार ठेवा. बोथट ब्लेडने फाटलेली टोकं पांढरट होतात आणि लांबून सगळं लॉन पिवळं वाटतं.

मेलेला चट्टा भरायचा तर गवत पेरू नका, आपल्याच लॉनच्या जोमदार कोपऱ्यातून तळहाताएवढे तुकडे काढून वीतभर अंतरावर लावा. जुलैच्या धारांत ते वाहून जातात, त्यामुळे जूनची सुरुवात किंवा ऑगस्टनंतरची उघडीप बरी. पहिले दहा-बारा दिवस मातीला वाफसा राहील, म्हणजे ती ओलसर राहील पण चिखल होणार नाही, इतपतच पाणी द्या. तुकडे मुळं धरेपर्यंत, म्हणजे महिनाभर तरी, त्यावर क्रिकेट नको. नोटीस लावून मुलं ऐकत नाहीत, चार काठ्या रोवून दोरी बांधा.